थंडी आत, वायू बाहेर

गोरेगाव म्हटले की बहुतेकांना मुंबईचे उपनगर आठवते. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातही एक गोरेगाव आहे. मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही गावात वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा शाळेबाहेर किंवा बाजाराच्या कडेला बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी राहते. तरटात आणि भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, रंधा, रंगीत पाकाच्या बाटल्या, एवढाच तिचा सरंजाम. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात किंवा औंढ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत मुले ज्या थंडाव्यासाठी रांग लावतात, तो तयार कुठे होतो आणि तयार करताना कोणता वायू वापरला जातो, असा प्रश्न वर्गात एकदा विचारून पाहावा. उत्तर सहसा येत नाही. न येण्याचे कारण चांगले आहे. तो वायू जत्रेपर्यंत कधी येतच नाही.

लादी तयार होते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या बर्फाच्या कारखान्यात. तेथे जमिनीत एक मोठी टाकी असते आणि तिच्यात मिठाचे संपृक्ततेच्या जवळचे द्रावण असते. त्याला कारखान्यात सगळे ब्राइन म्हणतात. हे द्रावण शून्याखाली आठ-दहा अंशांवर असूनही गोठत नाही. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी लाद्या निघतात. ब्राइनला थंड ठेवण्याचे काम करतो अमोनिया. तो टाकीतल्या लोखंडी नळ्यांमधून वाहतो, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो ब्राइनकडून घेतो. पुढे काँप्रेसर ती वाफ दाबतो, पाण्याने गार केल्यावर ती पुन्हा द्रवरूप होते, आणि चक्र चालू राहते. अप्रकट उष्म्याचा धडा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. एक किलो अमोनियाची वाफ होताना सुमारे १३७० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पाणी सोडले तर इतकी भूक असलेला सोयीचा द्रव दुसरा नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. अमोनिया पाण्याला शिवत नाही. मध्ये ब्राइन आहे. ब्राइन हा मध्यस्थ. तो अमोनियाकडून थंडी घेतो आणि पाण्याला देतो. त्यानंतर लादी हा दुसरा मध्यस्थ, ती टेम्पोत बसून गावात येते. ज्या जागी माणसे गर्दी करतात, त्या जागी थंडी पोचते आणि वायू मागे राहतो. गोळेवाल्याने याचा विचार केलेला नसतो, पण करमणुकीच्या ठिकाणी थंडी पुरवण्याची याहून सुरक्षित पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही.

अमोनियाची भीती का बाळगायची, हेही थोडक्यात सांगायला हवे. प्रयोगशाळेत बाटलीचे बूच काढले की वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत त्याचा दर्प पोचतो. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे पाच-दहा किंवा फार तर काही दशक भाग असले तरी नाकाला कळते. तीनशे भागांच्या पुढे तो जिवाला धोकादायक समजला जातो. म्हणजे धोक्याच्या बऱ्याच आधी नाक ओरडून सांगते. पाण्यात तो प्रचंड प्रमाणात विरघळतो. डोळे, नाक, घसा, फुप्फुसे सगळी ओली असतात, म्हणून तो तिथेच जाऊन भाजतो. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे वर जायला हवा. परंतु द्रव अमोनिया जोरात बाहेर फवारला गेला की अतिशय थंड थेंबांचा पांढरा ढग होतो आणि तो जमिनीलगत सरपटतो. गळती शोधायची जुनी रीत तर शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे. गंधकाची जळती काडी सांध्याजवळ फिरवायची, गळती असेल तिथे पांढरा धूर दिसतो. शाळेत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचेची कांडी अमोनियाच्या बाटलीवर धरून जो पांढरा धूर आपण दाखवतो, त्याचाच हा भाऊ. ब्राइनमध्ये अमोनिया झिरपतो आहे का, हे पाहायला नेसलरचे द्रावण वापरतात. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते असते. अमोनिया असेल तर पिवळा, जास्त असेल तर तपकिरी रंग येतो.

करमणुकीसाठी कृत्रिम बर्फ करण्याची पहिली हौस लंडनची. १८७६ च्या जानेवारीत जॉन गॅमजी याने चेल्सी भागात 'ग्लॅसिएरियम' नावाचा बर्फावर घसरण्याचा आखाडा सुरू केला. हा गृहस्थ मूळचा जनावरांचा डॉक्टर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे मांस गोठवून इंग्लंडला आणता येईल का, या खटाटोपातून तो यंत्रांकडे वळला होता. त्याच्या आखाड्याची जमीन पाहण्यासारखी होती. खाली काँक्रीट, त्यावर माती, त्यावर गायीचे केस, त्यावर लाकडी फळ्या आणि त्यावर तांब्याच्या चपट्या नळ्या. गायीचे केस हे त्या काळचे थर्मोकोल. नळ्यांमधून ग्लिसरीन, ईथर, नायट्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचे गार मिश्रण फिरवले जाई आणि वरचे पाणी गोठे. आखाडा चालला नाही. खर्च फार, आणि बर्फावरून उठणाऱ्या धुक्याने श्रीमंत गिऱ्हाइके कंटाळली. तरीही काहीतरी गार द्रव नळ्यांतून जमिनीखाली फिरवायचा आणि बर्फ वर करायचा, ही कल्पना टिकली. आजचे सगळे आखाडे त्याच तत्त्वावर चालतात. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने अमोनियाचा काँप्रेसर व्यवहारात आणला. मद्याच्या भट्ट्या, खाटीकखाने, बर्फाचे कारखाने सगळीकडे अमोनिया शिरला.

अडचण आली ती नाटकगृहांत आणि चित्रपटगृहांत. बर्फाच्या कारखान्यात चार कामगार असतात, त्यांना दर्प ओळखीचा असतो आणि दार कुठे आहे हे ठाऊक असते. चित्रपटगृहात हजार-दीड हजार माणसे अंधारात बसलेली असतात. तिथे अमोनियाचा नुसता वास आला तरी पुरे. वायूने जेवढी माणसे मरतील त्यापेक्षा जास्त दाराशी चेंगरून मरतील. म्हणून शिकागोच्या सेंट्रल पार्क थिएटरने १९१७ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा बसवली. हा वायू जळत नाही, त्याला दर्प नाही. मात्र त्याला द्रवरूप करायला सत्तर वातावरणांच्या आसपास दाब लागतो, नळ्या तोफेच्या नळीसारख्या जाड कराव्या लागतात. शिवाय एकतीस अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. मिशिगन सरोवराच्या काठी हे चालून गेले. हिंगोलीच्या मे महिन्यात ते जमले नसते.

या कोंडीतून वाट काढली विलिस कॅरिअर याने. त्याने बाष्पाला गोलगोल फिरवून दाबणारे नवे यंत्र केले आणि त्यात डायलीन, म्हणजे डायक्लोरोएथिलीन, हा द्रव वापरला. त्याचा उत्कलनबिंदू पन्नास अंशांच्या आसपास. याचा अर्थ विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यासारखा आहे. जो द्रव नेहमीच्या दाबाला पन्नास अंशांवर उकळतो, त्याला पाच अंशांवर उकळवायचे तर दाब फार कमी करावा लागेल. म्हणजे यंत्राच्या आत जवळजवळ निर्वात. इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढा आणि बोट किंचित सैल करा. हवा आत जाते, आतले बाहेर येत नाही. कॅरिअरच्या यंत्राला भोक पडले तर असेच व्हायचे. गळती व्हायची, पण उलट्या दिशेने. वायू प्रेक्षकांकडे जाण्याऐवजी मशीनघराची हवा यंत्रात शिरायची आणि यंत्र कुरकुरायला लागायचे. सुरक्षिततेसाठी गजर बसवावा लागला नाही, भौतिकशास्त्रानेच तो बसवून दिला होता. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये १९२५ साली हे यंत्र बसवताना शहराचा सुरक्षा अधिकारी परवानगी देईना. तेव्हा कॅरिअरने भांड्यात तो द्रव ओतून त्यात पेटती काडी टाकली, असे त्याच्या चरित्रात दिले आहे. भडका उडाला नाही, मेणबत्तीसारखी ज्योत संथ जळत राहिली आणि परवानगी मिळाली. अधिकाऱ्याच्या टेबलावर असे काही करण्याची शिफारस मी कोणाला करणार नाही.

हा थंडावा मुंबईला पोचायला फार वर्षे लागली नाहीत. कुलाब्याच्या तोंडाशी असलेले रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये सुरू झाले. वास्तुरचना चार्ल्स स्टीव्हन्स याची. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा हा मुलगा. सुमारे बाराशे आसने, तळघरात मोटारी ठेवायची जागा, आणि मुख्य आकर्षण म्हणजे वातानुकूलन. भारतातल्या पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांत त्याची गणना होते. पुढे १९३८ मध्ये मेट्रो आणि इरॉस आली. बाहेर मेचा उकाडा आणि आत गारवा, या एका गोष्टीसाठी तिकीट काढणारे लोक होते. मराठवाड्यात तेव्हा तंबूतला सिनेमा चालत असे आणि वातानुकूलनाचे काम कनात वर गुंडाळून होई.

अशा मोठ्या चित्रपटगृहांची रचना समजून घेतली की गोळ्याची गाडी पुन्हा आठवते. थंडी करणारे यंत्र प्रेक्षागृहात नसते. ते तळघरात किंवा मागच्या बाजूला वेगळ्या खोलीत असते. तिथे शीतक पाण्याला थंड करते. ते थंड पाणी नळाने दुसरीकडे जाते, तिथे हवेला थंड करते, आणि हवा पत्र्याच्या बोगद्यातून प्रेक्षकांपर्यंत येते. पाणी हा इथला मध्यस्थ. याउलट शीतकाच्या नळ्या थेट हवेच्या मार्गातच बसवल्या, तर यंत्रणा स्वस्त पडते, वीजही थोडी वाचते, पण नळीला भोक पडले की वायू सरळ आसनांवर. अमेरिकेत १९३० च्या सुमारास शीतनयंत्रांची सुरक्षा-संहिता तयार झाली तेव्हा भर याच फरकावर होता. कोणता वायू, किती, आणि तो माणसांच्या खोलीत की खोलीबाहेर? आपल्याकडची शीतनाची सुरक्षा-संहिता, भारतीय मानक क्रमांक ६६०, १९६३ मध्ये आली.

दरम्यान वायूच बदलून टाकण्याचा उद्योग सुरू झाला होता. अमेरिकेत घरगुती फ्रीजमध्ये तेव्हा सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. पहिल्याने नाक जळते, त्यामुळे माणूस पळतो. दुसऱ्याला अगदी सौम्य, गोडसर वास. १९२८-२९ मध्ये शिकागोतल्या सदनिकांत झोपेतच माणसे दगावली, ती या दुसऱ्या वायूने. जो वायू कमी त्रास देतो तो अधिक मारतो, हे तिथे दिसले. मग जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली याने १९२८ मध्ये क्लोरीन आणि फ्लोरीन असलेली कार्बनी संयुगे शोधली. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्याने हा वायू छातीभर घेतला आणि मेणबत्तीवर सोडून ती विझवली. विषारी नाही आणि जळतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! तोच फ्रिऑन. पुढची पन्नास वर्षे चित्रपटगृहे, हॉटेले, बर्फाचे आखाडे, सगळीकडे हाच वायू किंवा याचे भाऊबंद राहिले.

फ्रिऑन निरुपद्रवी होता हे मात्र अर्धेच खरे. तो हवेपेक्षा चौपट जड आणि वासहीन. तळघरातल्या मशीनघरात तो गळला तर पाण्यासारखा खाली साचतो आणि ऑक्सिजनला बाजूला सारतो. आत गेलेला माणूस काही कळायच्या आत खाली बसतो, आणि खाली तर ऑक्सिजन आणखी कमी. विहिरीत उतरलेल्या माणसांचे अपघात आपल्या ग्रामीण भागाला माहीत आहेत, प्रकार तोच. ज्योतीतून गेला तर त्यातून फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. गळती शोधायची पद्धतही ज्योतीचीच होती. तापलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून हवा ओढायची, फ्रिऑन असेल तर ज्योत हिरवी होते. हॅलोजन ओळखण्यासाठी रसायनशास्त्राच्या वर्गात तांब्याची तार वापरतात, तीच ही परीक्षा.

खरा घोटाळा वर झाला. कुठे गळला तरी कोणाला वास येत नाही, कोणी खोकत नाही, म्हणून तो गळू दिला गेला. दुरुस्ती करण्यापेक्षा नवा वायू भरणे सोपे, अशी सवय पडली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी ही संयुगे ओझोनचा नाश करतात असे दाखवले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची खळगी जाहीर झाली, १९८७ मध्ये माँट्रिऑलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे हे वायू शीतनासाठी बंद झाले. त्यांच्या जागी आलेले वायू ओझोनला सांभाळतात, पण पृथ्वीला तापवतात, म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार त्यांनाही उतरती कळा लागली आहे. मग उरले कोण? जुनेच. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी केलेल्या आखाड्यात कार्बन डायऑक्साइड वापरला गेला. सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे घरगुती वातानुकूलक बनवले. प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला एक घटक, तेव्हा तो काहीशे ग्रॅमच भरतात. आणि मोठ्या कामासाठी अमोनिया तर कधी गेलाच नव्हता.

आपल्याकडे बर्फाचे आखाडे थोडे. मुंबईच्या गोराईतल्या एस्सेलवर्ल्डमध्ये, म्हणजे १९८९ साली सुरू होऊन २०२२ मध्ये बंद झालेल्या उद्यानात, बर्फावर घसरण्याची सोय होती. आता मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये कृत्रिम हिमाची दालने निघाली आहेत. कॅनडात मात्र गावागणिक आखाडा असतो, आपल्याकडे तालीम असते तसा. त्यातल्याच एका गावाची गोष्ट सांगायला हवी.

ब्रिटिश कोलंबियातले फर्नी हे डोंगरातले लहान शहर. तिथल्या नगरपालिकेच्या आखाड्यात अमोनिया ब्राइनला थंड करी आणि ब्राइन बर्फाखालून फिरे. म्हणजे आपल्या बर्फाच्या कारखान्याचीच रचना, मध्यस्थासह. त्यातला एक थंडा करणारा संच तीस वर्षांच्या घरातला होता. तो बदलायचा विचार आधी झाला होता आणि पुढे ढकलला गेला होता. २०१७ च्या वसंतात हंगाम संपताना ब्राइनमध्ये अमोनिया आढळला. नळीला कुठेतरी बारीक भोक पडले होते आणि मध्यस्थाची भिंत फुटली होती. शरदात नवा हंगाम आला तेव्हा तोच संच पुन्हा चालू केला गेला. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी पहाटे अमोनियाचा गजर वाजला. माणसे आली, संच बंद केला, दुरुस्तीची तजवीज सुरू झाली. पण ब्राइनच्या नळ्यांत शिरलेला अमोनिया तिथे दाब वाढवतच होता. अखेर ब्राइनच्या नळीचा जोड सुटला आणि अमोनिया एकदम मशीनघरात घुसला. आत असलेले तिघे कामगार मरण पावले. आजूबाजूची घरे काही दिवस रिकामी ठेवावी लागली. नाक आधी सांगते, हे मघाशी म्हटले ते खरे, पण बंद खोलीत काही सेकंदांत वायू हजारो भागांवर गेला तर नाकाच्या सांगण्याला वेळच उरत नाही. नंतरच्या चौकशीत भोक किती लहान होते यापेक्षा, ते आहे हे कळल्यावरही संच चालू का केला, या प्रश्नाला अधिक जागा मिळाली. करमणुकीची जागा कोणाला कारखाना वाटत नाही. आखाडा म्हणजे मुलांचे खेळ आणि हिवाळी स्पर्धा. ब्राइनचा अहवाल त्या मानाने फार रुक्ष कागद.

आपल्याकडे असा प्रसंग शीतकाने नव्हे, तर पाणी शुद्ध करणाऱ्या वायूने आणला. पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या महापालिकेच्या जलतरण तलावावर जानेवारी २०२४ मध्ये क्लोरीनची गळती झाली. सकाळी पोहायला आलेल्यांना खोकला आणि श्वासाचा त्रास सुरू झाला आणि बऱ्याच जणांना रुग्णालयात न्यावे लागले. इथे मध्यस्थच नव्हता असे नाही. क्लोरीन पाण्यात विरघळवून तलावात सोडायचा असतो, त्या अवस्थेत तो अगदी थोडा असतो. दाबाखालचा वायू मात्र सिलिंडरमध्ये तलावाच्या आवारातच ठेवलेला असतो. वर्गात या घटनेची चर्चा करायची असेल तर फळ्यावर दोन आकडे लिहावेत. हवेचा सरासरी रेणुभार २९, क्लोरीनचा ७१. अडीच पटीने जड वायू वाऱ्याने उडाला नाही तर खाली उतरतो आणि तलावासारख्या खोलगट जागेत पाण्याच्या पृष्ठभागावर पसरतो. पोहणाऱ्याचे नाक पाण्यापासून चार बोटे वर असते.